आग विझली, पाणी वाहतच राहिलं

विशेष सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत विषय क्रमांक २ असा होता : ‘इमारतीतील स्प्रिंकलर यंत्रणा कायमस्वरूपी बंद करणेबाबत विचार करणे.’ जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी छतातून आपोआप पाणी फवारणाऱ्या याच यंत्रणेने अकराव्या मजल्यावरच्या एका बंद घरातली आग विझवली होती. कुणी बादलीभर पाणीही टाकलं नव्हतं. तरीही चाळीसेक सभासदांनी यंत्रणा बंद करा म्हणून सह्या दिल्या होत्या, आणि त्यात सगळ्यात वरची सही होती दहाव्या मजल्यावरच्या काकांची. त्यांचं म्हणणं एका ओळीचं होतं : ‘आग वरच्यांची, नुकसान आमचं.’

इमारत ठाण्यात घोडबंदर रोडला, पातलीपाड्याच्या पुढे. पोडियमवर बावीस मजले, मजल्यावर चार घरं. सोसायट्यांच्या अग्निशमन यंत्रणा तपासणं हा माझा व्यवसाय, त्यामुळे कमिटीने सभेआधी पाहणी करून अहवाल द्यायला सांगितलं. सोसायटी ओळखू येऊ नये म्हणून घरांचे क्रमांक आणि काही तपशील बदलले आहेत.

श्रावणातला सोमवार होता. ११०३ मधल्या काकूंनी संध्याकाळी देवापाशी दिवा लावला आणि नवरा-बायको खाली बागेत चक्कर मारायला गेले. देव्हारा हॉलमध्ये, खिडकीच्या कडेला. पंखा चालू राहिला होता. पडदा सिंथेटिक. पडद्यावरून आग शेजारच्या सोफ्यावर गेली. पाहणीच्या वेळी सोफ्याचा एक हात आणि अर्धी पाठ जळून सांगाडा उरलेला दिसला, दुसरी बाजू मात्र कापडासकट शाबूत. छतावर काळा पट्टा होता, तोही सोफ्यापासून हॉलच्या मध्यापर्यंतच. बेडरूमच्या दारापर्यंत आग पोचलीच नाही.

ती का पोचली नाही, हे या प्रकरणात नीट समजून घ्यायला हवं, कारण सभेतले निम्मे आक्षेप इथल्या गैरसमजातून आले होते. आग पेटली की तापलेली हवा सरळ वर जाते, छताला आपटते आणि छताखालून चहूबाजूंना पसरते. स्प्रिंकलरचं हेड, म्हणजे पाणी सोडणारं तोंड, म्हणूनच छताजवळ बसवतात. हेडच्या पोटात काचेची छोटी नळी असते. तिच्यात रंगीत द्रव आणि हवेचा एक बुडबुडा. द्रव तापून फुगतं, बुडबुडा दाबला जाऊन नाहीसा होतो, आणि ठरलेल्या तापमानाला नळी फुटते. नळीने धरून ठेवलेलं झाकण गळून पडतं आणि मागे दाबाखाली थांबलेलं पाणी बाहेर येऊन खालच्या चकतीवर आपटतं व छत्रीसारखं पसरतं. द्रवाच्या रंगावरून तापमान कळतं : नारिंगी ५७ अंश सेल्सियस, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३, निळा १४१. घरांत बहुधा लाल असतो. ठाण्यात मे महिन्यात बंद घराच्या छताखाली ऊन कितीही तापलं तरी ६८ च्या बरंच खाली राहतं, म्हणून उन्हाने हेड फुटत नाही.

यात वायर नाही, सेन्सर नाही, वीज नाही. धुराशी तर काहीच देणंघेणं नाही. सभेत एका ताईंनी विचारलं, ‘घरात सत्यनारायण केला, धूप-उदबत्ती लावली, तर सगळीकडे पाऊस पडणार का?’ नाही पडणार. वास्तुशांतीचा होमही चालेल, फक्त कुंड नेमकं हेडच्या खाली मांडू नये, कारण ज्वाळेचा गरम झोत थेट वर जातो. आणि एक हेड फुटलं म्हणून दुसरं फुटत नाही. सिनेमात कुणी काडी पेटवतं आणि अख्ख्या मजल्यावर पाणी कोसळतं, ते सिनेमापुरतंच. प्रत्येक हेड स्वतंत्र असतं, ज्याची नळी तापेल तेच उघडतं. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं : स्प्रिंकलर चालल्याच्या घटनांपैकी साधारण तीन चतुर्थांश घटनांत एकच हेड उघडलेलं असतं. ११०३ मध्येही एकच उघडलं. त्याच हॉलमधलं, सात-आठ फुटांवरचं दुसरं हेड तसंच्या तसं होतं.

वेळेचा मुद्दाही इथेच. अमेरिकेतल्या अंडररायटर्स लॅबोरेटरीजने शेजारी शेजारी दोन खोल्या पेटवून केलेल्या चाचण्या प्रसिद्ध आहेत. जुन्या पद्धतीचं लाकूड-कापसाचं सामान असलेली खोली पूर्ण भडकायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. फोमचे सोफे आणि सिंथेटिक पडदे असलेली खोली पाच मिनिटांच्या आत भडकली. आपले हॉल आता या दुसऱ्या प्रकारचे आहेत. खोली एकदा पूर्ण भडकली की छताखाली सहाशे अंशांच्या आसपास उष्णता असते, खिडकीच्या काचा जातात, आणि वरच्या मजल्याचा पडदा बाहेरून पेट घेऊ शकतो. घोडबंदर रोडवर संध्याकाळी कापूरबावडी ते कासारवडवली गाड्यांची काय अवस्था असते हे ठाणेकरांना सांगायला नको. बंब कितीही तत्पर असला तरी त्याला पाच मिनिटांत अकराव्या मजल्यावर पोचता येत नाही. स्प्रिंकलर आधीच तिथे असतो, एवढंच त्याचं वैशिष्ट्य, आणि ते पुरेसं आहे.

मग चाळीस सह्या कशासाठी? आगीची सूचना देणाऱ्या पॅनलची नोंद आणि लोकांनी सांगितलेल्या वेळा जुळवून मी संध्याकाळ मांडली, तेव्हा उत्तर मिळालं.

७ वाजून २२ मिनिटांनी पॅनलवर अकराव्या मजल्याचा फ्लो स्विच वाजला. म्हणजे त्या मजल्याच्या पाइपातून पाणी वाहायला लागलं होतं. त्याच सुमारास तळमजल्यावरची पाण्याच्या जोरावर वाजणारी घंटाही सुरू झाली. वॉचमनने चार मिनिटांनी पॅनलवरचं आवाज बंद करायचं बटण दाबलं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पावसाळाभर दर दोन-तीन दिवसांनी आगीची नुसती सूचना देणारा कुठला ना कुठला डिटेक्टर ओलीने वाजत होता आणि ‘वाजलं की बटण दाब’ एवढंच त्याला सांगितलेलं होतं. पॅनलच्या पडद्यावर मजल्याचं नाव न येता ‘झोन १४’ असं येत होतं. झोन १४ म्हणजे अकरावा मजला, हे इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

साडेसातच्या सुमारास ११०४ मधल्यांना लॉबीत पाणी दिसलं. त्यांना वाटलं टाकी फुटली. ११०३ च्या दाराखालून पाणी येतंय आणि धुराचा वासही येतोय हे कळल्यावर धावपळ झाली. मालक बागेतून वर आले, दार उघडलं. आग विझलेली, धूर भरलेला, आणि छतातून पाणी धो धो. इथून पुढे सगळ्यांच्या दृष्टीने आग हा विषय संपला आणि पाणी हा विषय सुरू झाला.

७.४० ला सुपरवायझरने पंप रूममधलं पंपांचं अख्खं पॅनल बंद केलं. पाणी थांबलं नाही. लोक चक्रावले, काहींना वाटलं यंत्रणाच बिघडली. बिघाड काही नव्हता. या इमारतीत उभ्या पाइपाला खालून तळघरातले पंप पाणी देतात आणि वरून गच्चीवरची टाकी. पंप गेले तरी गच्चीची टाकी उताराने पाणी देतच राहते, तशी ती मुद्दामच जोडलेली असते, कारण आगीत वीज जाणार हे गृहीत धरलेलं असतं. अकराव्या मजल्याच्या छतापासून ती टाकी साधारण ३६ मीटर वर. दहा मीटर पाण्याच्या उंचीला जवळपास एक बार दाब, म्हणजे साडेतीन बारच्या वर दाब नुसत्या उंचीचा.

इथे हिशेब सांगतो, कारण सभेत ‘लाखभर लिटर पाणी आलं’ असं छातीठोकपणे सांगितलं जात होतं. घरगुती हेडला के-८० म्हणतात. एक बार दाबाला ते मिनिटाला ८० लिटर पाणी देतं. दाब चौपट केला तर पाणी दुप्पट होतं, चौपट नाही. मजल्याच्या फांदीवर दाब कमी करणारा व्हॉल्व चार बारला लावलेला होता, म्हणजे पंप चालू असताना मिनिटाला १६० लिटर. एवढं पाणी जॉकी पंपच, म्हणजे पाइपातला दाब टिकवणारा छोटा पंपच, पुरवू शकला. मोठा पंप सुरूच झाला नव्हता. पंपांचं पॅनल बंद केल्यावर गच्चीच्या टाकीवर मिनिटाला दीडशेच्या आसपास. ३८ मिनिटांचे मिळून सहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर आपण दर उन्हाळ्यात मागवतो, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त. आग मोठी होऊन अग्निशमन दलाला होज, म्हणजे पाण्याची जाड नळी, चालवावा लागला असता, तर एका होजमधून मिनिटाला चारशे-साडेचारशे लिटर पडलं असतं, आणि तेव्हा विझवायची आगही कितीतरी मोठी असती.

मजल्याचा व्हॉल्व लॉबीतल्या फायर डक्टमध्ये, म्हणजे अग्निशमनाच्या पाइपांच्या बंद कप्प्यात, होता. डक्टला कुलूप. किल्ली सोसायटीच्या ऑफिसात, आणि ऑफिस सहाला बंद. डक्टच्या दारापुढे चपलांचं कपाट आणि मुलांच्या दोन सायकली होत्या, त्या हलवल्या तरी कुलूप होतंच. ७.४१ ला कुणीतरी १०१ लावला. आधी ‘आग तर विझलीय, कशाला बोलवायचं’ यावर चर्चा झाली होती. ७.५७ ला जवान आले, कुलूप तोडलं, व्हॉल्वचं चाक फिरवलं. पाणी थांबायला मिनिटसुद्धा लागलं नाही. आठ वाजले होते.

तोवर पाणी लॉबीतून लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं होतं. दोन्ही लिफ्ट बंद, एकीचं कंट्रोल कार्ड गेलं. १००३ चं फॉल्स सिलिंग हॉलमध्ये कोसळलं, भिंतीला लागलेलं फर्निचर फुगलं, टीव्ही गेला. ९०३ मध्ये ओल. एकूण आकडा सभेपुढे आला तो सव्वासहा लाखांचा, आणि त्यात आगीचा वाटा एक सोफा, पडदे, देव्हारा आणि रंगाचा. बाकी सगळा पाण्याचा. पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी आगीसाठी होतं. उरलेल्या पस्तीस मिनिटांचं एका कुलपासाठी.

अहवालासाठी मग गच्चीपासून तळघरापर्यंत प्रत्येक मजल्याचं डक्ट उघडायला लावलं. जे दिसलं त्याने सभेचा विषयच बदलला.

बंद करायची मागणी होत असलेली यंत्रणा चार मजल्यांवर आधीच बंद होती. सहावा, तेरावा, सतरावा, विसावा. प्रत्येक ठिकाणी कथा एकच : कुणाच्या तरी घरात इंटिरियरचं काम चाललं, हेड हलवायचं होतं किंवा सुताराचा खिळा लागून गळती झाली, प्लंबरने मजल्याचा व्हॉल्व बंद केला, काम संपलं, व्हॉल्व तसाच. तेराव्या मजल्यावर तर फ्लो स्विचची वायरही काढून ठेवलेली होती, ‘सारखा वाजायचा म्हणून’. हीच आग सतराव्या मजल्यावर लागली असती तर छतावर हेड दिसलं असतं, नळी फुटली असती, आणि पाइपात उरलेलं थोडं पाणी ठिबकून थांबलं असतं. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या त्याच अहवालांत स्प्रिंकलर न चालण्याचं सगळ्यात मोठं कारणही हेच सापडतं. दहातल्या सुमारे सहा घटनांत कुणीतरी आधीच यंत्रणा बंद करून ठेवलेली असते.

घरांत गेल्यावर सात हॉल असे निघाले जिथे पीओपीच्या फॉल्स सिलिंगने हेड झाकून टाकलं होतं. वर छताशी हेड, खाली सजावटीचं सिलिंग. आगीची उष्णता खालच्या सिलिंगखाली अडकणार, हेडला कळणार उशिरा, आणि कळलं तरी पाणी पीओपीच्या वरच पडणार. बऱ्याच घरांत रंगाऱ्याने भिंतीबरोबर हेडही रंगवलेलं. नळीवर रंग चढला की ती उशिरा फुटते. असं हेड खरवडून साफ करायचं नसतं, बदलायचं असतं. एका घरात माळ्यावरच्या बॅगा थेट हेडला टेकल्या होत्या. चकतीखाली निदान अर्धा मीटर मोकळी जागा नसेल तर पाण्याला पसरायला वाव मिळत नाही. लॉबीतल्या पाइपांना आकाशकंदील टांगायच्या तारा तर जवळपास प्रत्येक मजल्यावर होत्या.

तळघरात डिझेल पंपाची बॅटरी उतरलेली. आणि जमिनीखालच्या टाकीत एक असा पाइप, जो मूळ नकाशात नाही. आगीसाठी राखलेलं पाणी वापराच्या पंपाकडे वळवणारा, मधे एक छोटा व्हॉल्व. ‘एप्रिल-मे पुरता जोडला होता हो, टँकर परवडत नव्हते,’ सेक्रेटरी म्हणाले. घोडबंदर रोडच्या पाण्याची परिस्थिती पाहता मला त्यांचा राग आला नाही. पण व्हॉल्व अजून अर्धा उघडा होता.

फाइलमध्ये मात्र सगळं छान होतं. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालक किंवा भोगवटादाराची, म्हणजे सोसायटीत सोसायटीची. दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून प्रमाणपत्र घेऊन द्यायचं, तोच तो फॉर्म ‘बी’. जुलैचा फॉर्म ‘बी’ होता, सही-शिक्क्यासह, सर्व यंत्रणा सुस्थितीत. आग लागली त्याच्या काही आठवडे आधीचा. एजन्सीच्या माणसाने पंप चालवून पाहिला, गच्चीवर होजला पाणी काढलं आणि तो गेला. एकही मजल्याचं डक्ट उघडलं गेलं नाही. कमिटीनेही विचारलं नाही, कारण तीन कोटेशनांतलं सगळ्यात स्वस्त याच एजन्सीचं होतं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात गंभीर चूक हीच. वॉचमनचं बटण आणि डक्टचं कुलूप तिच्यापुढे किरकोळ आहेत.

सभा तीन तास चालली. दहाव्या मजल्यावरच्या काकांचा मुद्दा खोटा नव्हता, त्यामुळे त्यांना समजावण्याच्या सुरात बोलण्यात अर्थ नव्हता. मी फिलाडेल्फियाचं उदाहरण दिलं. वन मेरिडियन प्लाझा, ३८ मजले, फेब्रुवारी १९९१. आग बाविसाव्या मजल्यावर लागली आणि एकेक मजला खात वर चढत गेली. इमारतीतली वीज गेली, होजना पुरेसा दाब मिळेना, अग्निशमन दलाचे तीन जवान मृत्युमुखी पडले. शेवटी आतून आग विझवायचा प्रयत्न सोडून द्यावा लागला. ती थांबली तिसाव्या मजल्यावर, कारण तिथे स्प्रिंकलर बसवलेले होते. दहा हेड उघडली आणि आठ मजले जाळलेली आग तिथे अडली. मागून एकाने विचारलं, ‘म्हणजे खालच्या मजल्यांवर नव्हते?’ जिथे आग लागली आणि वाढली तिथे नव्हते. यानंतर ‘कायमस्वरूपी बंद’ हा शब्दप्रयोग कुणी पुन्हा केला नाही. ठराव मतदानाला न टाकताच मागे घेतला गेला.

त्याऐवजी जे ठरलं त्यातलं बरंचसं स्वस्त आहे. सगळ्या मजल्यांचे व्हॉल्व उघडून साखळीने उघड्या स्थितीत बांधले, प्रत्येकाला मजल्याचा क्रमांक लावला. डक्टची कुलपं काढून साध्या कड्या बसवल्या. व्हॉल्व बंद करायचा असेल तर रजिस्टरमध्ये नोंद, आणि संध्याकाळी सुपरवायझर स्वतः जाऊन उघडणार. पॅनलवर झोनच्या जागी मजल्यांची नावं मराठीत टाकली. ओलीने वाजणारे डिटेक्टर बदलले, नाहीतर वॉचमन पुन्हा बटणच दाबणार. वॉचमनच्या केबिनमध्ये सहा जादा हेड, ती बदलायचा पाना आणि उघडलेल्या हेडचं तोंड तात्पुरतं बंद करायच्या लाकडी पाचरी ठेवल्या. आग पूर्ण विझल्याची खात्री झाल्यावर, शिडीवर चढून पाचर ठोकली तर पाणी लगेच अडतं. आग आहे की नाही याची शंका असताना व्हॉल्वला हात लावायचा नाही, हे तिन्ही पाळ्यांच्या वॉचमनना प्रत्यक्ष दाखवून सांगितलं. लिफ्टच्या दारांपुढे लादीचा बारीक उंबरा करून घेतला. तळघरातला तो पाइप कापून तोंड बंद केलं. यावर मात्र दोन सभासद नाराज आहेत आणि एप्रिलमध्ये पुन्हा विषय निघेल असं दिसतं.

महागडा भाग सात घरांच्या फॉल्स सिलिंगचा. तिथे पाइप खाली वाढवून हेड नव्या सिलिंगच्या खाली आणायचं असतं. त्यासाठी मजल्याचं पाणी उतरवा, सिलिंग फोडा, पुन्हा रंग. पाच घरांनी करून घेतलं. पुढच्या प्रत्येक इंटिरियरच्या कामाला अनामत रक्कम आणि काम संपल्यावर हेडची पाहणी, असा नियम झाला.

विम्याचा गुंता अजून सुटलेला नाही. सोसायटीची इमारतीची पॉलिसी होती, त्यातून लिफ्ट आणि सामायिक भागाचा दावा मंजूर झाला. आग विझवताना पाण्याने झालेलं नुकसान आगीच्या नुकसानीतच धरलं जातं, आणि घराच्या प्रमाणित पॉलिसीत स्प्रिंकलरची गळती हाही धोका धरलेला असतो. पण ११०३ आणि १००३ या दोन्ही घरांतल्या सामानाचा विमाच नव्हता. १००३ चे काका आता सोसायटीकडे भरपाई मागतायत, आगीसाठी नाही, त्या पस्तीस मिनिटांसाठी. कुलूप सोसायटीने लावलं होतं, हा त्यांचा युक्तिवाद मला तरी खोडता आला नाही, आणि कमिटीने निम्मी रक्कम देऊ केली आहे. त्यांनी अजून होकार दिलेला नाही. उरलेल्या दोन फॉल्स सिलिंगवाल्यांना नोटीस गेली आहे. त्यातलं एक घर सतराव्या मजल्यावर आहे.